ठशांची साक्ष

एखाद्या वस्तूचे वय विचारावयाचे ते कोणास, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. नाण्यावर सन असतो, ताम्रपटावर शक असतो, ग्रंथाच्या पहिल्या पानावर आवृत्तीचे वर्ष असते. आणि जे लिहिलेले असेल तेच त्या वस्तूचे वय, असे आपण निःशंक मनाने धरून चालतो. परंतु एखाद्या जुन्या वाड्याचे वय कोणते मानावे? जोते पेशवाईतले, माडी इंग्रजी अमदानीतली, कौले आजोबांच्या वेळची आणि विजेचे दिवे वडिलांच्या. दिंडीच्या चौकटीवर शक कोरलेला असला तरी तो चौकटीपुरता खरा. माडी त्यानंतरची असेल, आणि चौकट दुसऱ्याच एखाद्या पडक्या वाड्यातून आणून बसविली असल्यास तो शक वाड्याविषयी काहीच सांगणार नाही.

लष्करात एका कामासाठी घडविलेल्या आणि पुढे फेरफार करून दुसऱ्याच कामास लावलेल्या बंदुकांची गोष्ट अशीच आहे. आम्हांस शिकारीचा नाद नाही आणि नेम धरण्याची हौसही नाही. आमचा छंद एवढाच की, अशी जुनी बंदूक दृष्टीस पडली म्हणजे भिंग काढावे, नळीच्या मुळाशी उमटविलेले बारीक ठसे पाहावेत आणि त्यांच्याकडून तिची हकीकत काढून घ्यावी. घरच्या मंडळींस हा छंद निरुपद्रवी परंतु निष्फळ वाटतो. तो अगदीच निष्फळ नाही, एवढे या लेखापुरते दाखविता आले तरी पुरे.

हे ठसे मुळात कशासाठी, ते प्रथम सांगितले पाहिजे. बंदुकीची नळी फुटली तर समोरच्या सावजाऐवजी बंदूकवाल्याचाच बळी पडतो. ह्या भयातून नळीची परीक्षा घेण्याची चाल निघाली. नेहमीपेक्षा जबर दारू ठासून नळी उडवावयाची, नंतर ती बारकाईने तपासावयाची, आणि ती धड राहिली असेल तर तिच्यावर ठसा मारावयाचा. लंडनच्या बंदूककारांच्या संघास १६३७ साली राजाची सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे कसोटीगृह १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्याने निघाले. दोन्ही संस्था अद्याप आपले काम करीत आहेत. ठसा म्हणजे कारागिराची सही नव्हे आणि दुकानदाराची जाहिरातही नव्हे. ही नळी अमुक रीतीने तपासली व ती टिकली, असे तिऱ्हाइताने दिलेले ते प्रशस्तिपत्र होय.

कायदे बदलत गेले तसे ठसेही बदलत गेले, आणि ह्या बदलातच कालनिर्णयाची किल्ली आहे. बर्मिंगहॅमचा खाजगी बंदुकांवरील जुना ठसा म्हणजे मुकुट, त्याखाली परस्परांस छेदणारे दोन राजदंड आणि दंडांच्या मधल्या जागेत अक्षरे. १९०४ साली हा प्रकार बंद होऊन मुकुटाखाली ‘बी. पी.’, मुकुटाखाली ‘बी. व्ही.’ अशी सुटसुटीत अक्षरे आली. बिनधुराच्या दारूची कसोटी झाली असेल तर ‘एन. पी.’ ही अक्षरे निराळी उमटत. १९५४ च्या सुमारास नियम पुन्हा बदलले आणि नळी किती दाब सोशील त्याचा आकडाही ठशाबरोबर येऊ लागला. इंग्लंडच्या बाजारातून गेलेल्या पुष्कळ ३०३ रायफलींवर ‘१८.५ टन’ असे लिहिलेले आढळते. एका गृहस्थांनी ते बंदुकीचे वजन समजून आमच्यापाशी मोठे आश्चर्य व्यक्त केले होते! तो दर चौरस इंचावरील दाब आहे. परदेशी बंदूक इंग्लंडात तपासली गेली तर १९२५ पासून सुमारे तीस वर्षे तिच्यावर ‘इंग्लिश बनावट नव्हे’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द मारीत. एखाद्या जर्मन मौझरवर ते शब्द दिसले की, ती कोणत्या काळात कोणत्या वाटेने गेली ह्याचा निम्मा उलगडा झालाच.

सरकारी लष्कराची चिन्हे ह्याहून निराळी. घोड्याखालच्या पोलादी पट्टीवर किंवा नळीच्या मागच्या भागावर मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव आणि वर्ष. रुंद फाळाचा बाण असेल तर माल ब्रिटिश सरकारचा. बाणाखाली इंग्रजी ‘आय’ असेल तर तो हिंदुस्थान सरकारचा. दोन बाण टोकास टोक लावून काढलेले असले, म्हणजे सरकारने तो माल रीतसर विकून टाकला असे समजावे. ह्या शेवटच्या खुणेची किंमत पुढे कळेल.

आता रूपांतराकडे वळू. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड बंदूक ठासणीची होती. दारू आणि गोळी तोंडाकडून गजाने ठासावयाची, आणि फार तर मिनिटास तीन बार. मागून काडतूस भरण्याच्या बंदुका युरोपात प्रचारात येऊ लागल्या तेव्हा ब्रिटिश सरकारजवळ ह्या जुन्या बंदुकांचे ढीग पडलेले होते. जेकब स्नायडर नावाच्या अमेरिकन गृहस्थाची युक्ती पसंत पडली. नळीचा मागचा थोडासा तुकडा कापावयाचा, तेथे बाजूस उघडणारे बिजागरीचे झाकण असलेली नवी कोठी बसवावयाची, आणि बाकीचा घोडा, दस्ता, नळी सारे होते तसेच ठेवावयाचे. १८६६ पासून हे काम धडाक्याने सुरू झाले आणि त्याच बंदुकीतून मिनिटास दहाच्या घरात बार निघू लागले. बिचारा स्नायडर मात्र मोबदल्याची वाट पाहत त्याच वर्षी वारला. आमच्या दृष्टीने मुद्दा असा की, अशा बंदुकीच्या पट्टीवर ‘१८५६’ किंवा ‘१८६२’ असे वर्ष तसेच राहून गेले. ते पट्टीचे वर्ष. बंदूक आज जशी दिसते तशी ती त्या वर्षी अस्तित्वातच नव्हती.

मार्टिनी बंदुकीची तीच कथा. १८७१ साली स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्रीची मोठी नळी काढून पुढे तिला ३०३ ची नळी बसविली, आणि ती मार्टिनी-एनफील्ड झाली. अंगावर जुने नाव व जुने साल तसेच, आणि निराळ्या जागी नव्या अवताराची अक्षरे: एकाच देहावर दोन जन्मतिथी! बंगाल्यात हुगळीकाठी इशापूर येथे सरकारी रायफल कारखाना आहे. तेथे ३०३ च्या लष्करी रायफली घेऊन, त्यांची नळी आतून गुळगुळीत करून, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या ४१० च्या बंदुका बनविण्यात आल्या. पोलिस आणि तुरुंगावरचे पहारेकरी ह्यांस छर्र्यांची बंदूक पुरे, हा हेतू. काडतुसे ठेवण्याच्या पेटीची जागा लाकडी ठोकळ्याने बुजविलेली असते. परंतु बाजूस मुकुट, ‘जी. आर. आय.’ ही आद्याक्षरे आणि मूळ रायफलीचे वर्ष कायम असते. कारखान्यात संपूर्ण दुरुस्ती झाली असेल तर ‘एफ. टी. आर.’ आणि तिचे वर्ष आणखी निराळे. घाईने वाचणारा ह्यांपैकी जे वर्ष आधी दिसेल ते घेऊन मोकळा होतो.

तेव्हा ह्या विद्येचे सूत्र एकच. प्रत्येक ठसा साक्षीदार आहे खरा, पण तो आपल्या तुकड्यापुरता आणि आपल्या दिवसापुरता. त्याने जे पाहिले नाही ते त्यास विचारू नये. आणि बंदुकीचे आजचे रूप तिच्या अंगावरील सर्वांत उशिराच्या खुणेहून जुने असू शकत नाही. नकली माल उघडकीस येतो तोही ह्याच सूत्राने. सरहद्दीवरील पठाणी कारागीर विलायती बंदुकांच्या हुबेहूब नकला करण्यात वाकबगार. परंतु ठशातले इंग्रजी अक्षर कधी उलटे पडते, आणि कधी व्हिक्टोरिया राणीच्या आद्याक्षरांखाली १९०१ नंतरचे साल येते. राणी १९०१ च्या जानेवारीत निवर्तली, ही बातमी त्या कारागिरास कोणी दिली नसावी!

हे सर्व कोरडे ज्ञान एका प्रसंगी आम्हांस फार जपून वापरावे लागले. रत्नागिरी जिल्ह्यातील एका घरी आमचा जुना घरोबा आहे. घरातील वडील माणसास सारा गाव आबा म्हणतो. ऐंशी उलटलेली, परंतु वाणी खणखणीत. त्यांच्या घरी शेतसंरक्षणाच्या परवान्यावर एक जुनी बंदूक आहे, आणि तिची कथा त्या घरात देवघरातील टाकांच्या कथेइतकीच पवित्र मानतात. आबांचे पणजोबा कोल्हापुरास सत्ताविसाव्या पलटणीत शिपाई होते. १८५७ च्या ३१ जुलैच्या रात्री ती पलटण उठली, हा इतिहास आहे. पणजोबा घाट उतरून हीच बंदूक खांद्यावर टाकून घरी आले, ही घरची परंपरा. पुरावा म्हणून आबा पट्टीवरील वर्ष दाखवीत. तेथे मुकुट होता, ‘टॉवर’ हा शब्द होता आणि स्पष्ट ‘१८५६’ होते.

आम्हांस बोलाविण्याचे कारण मात्र निराळे होते. पुण्यास नोकरी करणारा त्यांचा नातू सुटीस आला होता. रानडुकरांनी भाताचा नाश चालविला होता, आणि निदान एक बार काढून त्यांस पळवून लावावे असे त्याच्या मनात होते. त्याने २४ नंबरची नवी काडतुसे मिळविली होती आणि त्यातले एक कोठीत नीट बसतही होते. बंदूक साफ केली आहे, तुम्ही एकदा पाहा, एवढेच त्याचे म्हणणे.

आम्ही ती बंदूक ओटीवर उजेडात आणली. प्रथम दिसले ते बाजूस उघडणारे झाकण. ती स्नायडर होती. म्हणजे १८६६ नंतर केव्हातरी ती सरकारी कारखान्यात जाऊन आलेली होती. १८५७ साली जी बंदूक आबांच्या माळ्यावर लपली, तिला दहा वर्षांनी ब्रिटिश सरकारने नवी कोठी कशी बसविली असती? नळी आतून गुळगुळीत होती. हेही विचार करण्यासारखे होते. कारण बंडानंतर हिंदी शिपायांच्या हाती अचूक मारा करणारी पेचाची बंदूक देण्यास सरकार कचरले, आणि त्यांच्यासाठी १८५८ पासून मुद्दाम गुळगुळीत नळीच्या बंदुका बनविण्यात आल्या. पेच नाहीत म्हणजे विश्वास नाही, असा त्या नळीचा अर्थ होता. परंतु आमच्या पुढ्यातील बंदुकीवर कित्येक शे यार्डांचे आकडे असलेली उभी करावयाची माशी होती. ती पेचाच्या बंदुकीसच शोभे. तेव्हा पेच मागाहून घासले गेले असले पाहिजेत. कोणी आणि केव्हा, ते नळीच्या डाव्या अंगास होते. टोकास टोक लावलेले दोन बाण. आणि त्यांच्या शेजारी मुकुटाखाली ‘बी. पी.’ व मुकुटाखाली ‘बी. व्ही.’. म्हणजे सरकारने विकलेली बंदूक बर्मिंगहॅमच्या कोणा व्यापाऱ्याने घेतली, छर्र्यांसाठी आतून घासून घेतली, आणि १९०४ नंतर तिची रीतसर कसोटी करविली. ‘एन. पी.’ ही अक्षरे आम्ही पुन्हा पुन्हा शोधली. ती नव्हती.

नातवास सांगणे सोपे होते. आम्ही म्हणालो, “हिची परीक्षा काळ्या दारूवर झाली आहे. नव्या काडतुसातील बिनधुराची दारू हिने कधी सोसलेली नाही.”

“पण काडतूस तर बसते!” तो म्हणाला.

“बसते हे खरे. परंतु बसणे निराळे आणि सोसणे निराळे. आणि जी कसोटी झाली ती त्या दिवसाच्या नळीची. त्यानंतर कोकणातले इतके पावसाळे गेले; आत गंजाने खड्डे पडले आहेत, ते तूच पाहा. आज काळ्या दारूचा बारसुद्धा हिच्यातून काढू नये.”

त्याने नळीतून उजेडाकडे पाहिले, काही वेळ तो बोलला नाही. नंतर काडतुसे उचलून आत ठेवून आला. मुलगा समंजस होता.

आबांस सांगणे कठीण होते. सांगूच नये असेही क्षणभर वाटले. म्हाताऱ्या माणसाचा एक सोन्यासारखा समज. तो काढून घेऊन त्याच्या जागी आम्ही काय देणार? परंतु त्यांचे कान तिखट होते आणि आमचा चेहरा त्यांनी वाचला होता. “सन चुकला का हो?” त्यांनीच विचारले. मग आम्ही एकेक ठसा दाखवून सर्व सांगितले. ते ऐकून त्यांनी विचारले, “म्हणजे आमचे पणजोबा खोटे?”

“नाही, आबा,” आम्ही म्हणालो. “ही बंदूक पणजोबांविषयी काहीच सांगत नाही. ते कोल्हापुरास असतील, घाट उतरून आलेही असतील. ते हिने पाहिलेले नाही. ती इतकेच म्हणते की, मी त्यांच्या खांद्यावर नव्हते.”

हे शब्द आम्ही सांत्वनासाठी बोललो नव्हतो. शास्त्र खरोखरच तेवढे सांगते, अधिक नाही. आबा पुष्कळ वेळ गप्प होते. मग एकाएकी ते हसले. त्यांस आपल्या आजीचे एक बोलणे आठवले. एका वर्षी आंब्याचे सारे पैसे आजोबांनी ‘त्या लोखंडात’ घातले, आणि ठरलेल्या पाटल्या राहून गेल्या, म्हणून ती म्हातारी मरेपर्यंत कुरकुरत असे. लोखंड म्हणजे कोणते, हे लहानपणी कोणी विचारले नाही आणि पुढे कोणाच्या ध्यानातही आले नाही. आजोबांच्या वेळीही डुकरे होतीच, आणि एका मोसमात ती सबंध भात उपटून टाकीत. ज्या गोष्टीचा घरातील कोणासही अभिमान वाटला नव्हता, ती त्या दोन लहानशा मुकुटांखालून बाहेर आली: कुटुंबाच्या तोंडचा घास राखण्यासाठी बायकोचा रोष पत्करून बंदूक आणणारा एक साधा शेतकरी. आबा म्हणाले, “आता पाटल्यांचीही गोष्ट सांगत जाईन.”

त्या दिवसापासून आमच्या मनात एक विचार घोळत आहे. घराण्याच्या कथा सहसा पराक्रमाच्या बाजूस झुकतात. काटकसर, कर्ज, खरेदी, दुरुस्ती ह्यांस त्यांत जागा मिळत नाही. उलट वस्तूंच्या अंगावर ज्या खुणा राहतात त्या नेमक्या ह्याच गोष्टींच्या असतात. कथा मोठे साल पकडते, ठसा खरे साल पकडतो. दोहोंत विरोध दिसला म्हणजे एकास खोटे ठरविण्याची घाई करू नये. कोण कशाविषयी बोलत आहे ते आधी पाहावे. पुष्कळदा दोन्ही साक्षीदार आपापल्या जागी प्रामाणिक असतात, आणि आपण त्यांस नको तो प्रश्न विचारलेला असतो.

वाचकांस शेवटी एक विनंती करावीशी वाटते. कोणाच्या घरी परवान्यावर अशी जुनी बंदूक असेल, तर ती चकचकीत करण्याच्या मोहात पडू नये. पॉलिश कागदाचे चार हात फिरले की लोखंड आरशासारखे होते, आणि त्यावरील अक्षरे कायमची पुसली जातात. तेलाचा बोळा हलक्या हाताने फिरविणे एवढी सेवा तिला पुरेशी आहे. आणि कितीही ठसे असले तरी जाणत्या कारागिराने तपासल्यावाचून तिच्यात काडतूस घालू नये. ती नळी एकदा कसोटीस उतरली होती ही गोष्ट खरी. पण त्या गोष्टीस पुष्कळ वर्षे झाली, आणि ठसा सांगतो तो त्याच एका दिवसाविषयी.